खर्च झालेले अठ्ठेचाळीस हजार



संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचे दिवस’ हा विषय दिलाय. मी माझ्या गाडीबद्दल बोलणार आहे. विषय तोच आहे, काळजी नसावी.

आमची मारुती ८०० यांनी २००४ साली घेतली. तिच्यावरच मी गाडी शिकले. हे गेल्यावर बँक, दवाखाना, बाजार, सगळं तिच्याच भरवशावर केलं. २०१९ ला पंधरा वर्षं झाली, तेव्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. २०२४ ला पुन्हा मुदत संपली. पत्राकाम, चार टायर, क्लच, ब्रेक, आरटीओची पाच हजार फी आणि पर्यावरण कर धरून बेचाळीस हजार गेले.

त्याच जुलैत नातवाला घेऊन पुण्याहून साताऱ्याला येत होते. खंबाटकी घाटात, भर पावसात रेडिएटरनं दगा दिला. मागे ट्रकची रांग, शेजारी रडवेला नातू. तो तासभर मी विसरणार नाही. वर आणखी सहा हजार गेले.

मुलगा म्हणाला, “आई, विकून टाक ती. आणि आता तू गाडी चालवायचीच कशाला?”

एजंट चाळीस हजार देत होता. अठ्ठेचाळीस घालून चाळीसला द्यायची? मन तयार होईना. मग गणिताच्या सरांची आठवण झाली आणि वही घेऊन बसले. खर्च झालेले अठ्ठेचाळीस हजार लिहिले आणि खोडले. गाडी ठेवली तरी ते परत येणार नव्हते, विकली तरी नाही. उरलं काय? फिटरच्या अंदाजानं पुढच्या वर्षभरात आणखी तीसेक हजारांचं काम. महिन्यातून एकदा पुणे. गाडीत नातू, आणि एअरबॅग एकही नाही. उत्तर समोरच होतं.

पण मुलानं एका दमात दोन प्रश्न विचारले होते. पहिल्यात तो बरोबर होता. दुसऱ्याचं उत्तर मी डोळे तपासून, लायसन्सचं नूतनीकरण करून दिलं.

गाडी विकली. तुम्हीही विकाल तेव्हा नुसती किल्ली देऊन मोकळे होऊ नका. फॉर्म २९ आणि ३० भरा, आरसीवर नाव बदललेलं डोळ्यांनी बघा. गाडी कागदोपत्री आपल्या नावावर आहे तोवर अपघाताची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते.

यांचं किचेन तेवढं काढून ठेवलं. गाडी गेली त्या दिवशी जेवण गेलं नाही, हेही सांगते.

आता पाच वर्षं वापरलेली, दोन एअरबॅगची छोटी गाडी घेतली आहे. आज तिनंच आले. साताऱ्याकडे जाणाऱ्या तिघींना जागा आहे. अंधार पडायच्या आत निघायचंय, गप्पा आवरत्या घ्या!