घर गाठले म्हणजे जिंकलो



आज धडा वाचायचा नाही. आज आम्ही तुमच्याशी रस्त्याबद्दल बोलणार आहोत. तुमच्यापैकी कोणी भाजी विकून अंधारात घरी जाते, कोणी रात्रपाळी करून पहाटे परततो. वाटेत कोणी अडवले, अंगावर आले, तर काय करायचे?

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. मुलांची भांडणे सोडवण्यात निम्मे आयुष्य गेले म्हणा ना! त्यावरून एक गोष्ट पक्की कळली. मारामारीत जिंकणारा असा कोणी नसतोच. एकाचे डोके फुटते, दुसरा तुरुंगात जातो. म्हणून पहिले वाक्य मनावर कोरून ठेवा. आपल्याला जिंकायचे नाही, आपल्याला सुखरूप घर गाठायचे आहे.

आधी सावधपणा. पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे. म्हणजे आपल्या कडेची वाहने समोरून येतात आणि दिसतात. सोनसाखळी ओढणारे बहुधा मोटारसायकलवरून मागून येतात. बायांनी मंगळसूत्र पदराखाली झाकावे. चालताना मोबाईलमध्ये डोके घालू नये. दोन वाटा असतील तर दिव्याची आणि माणसांची वाट धरावी. चार पावले जास्त पडली तर पडू द्या.

आता भांडणाचे. धक्का लागला, गाडी घासली, रांगेत कोणी पुढे घुसला. समोरचा तापला आहे, कदाचित प्यालेलाही आहे. अशा वेळी दोन हात अंतर ठेवा. दोन्ही हात छातीपुढे, तळवे उघडे. पाहणाराला वाटते, हा शांत करतो आहे. आणि घाव आलाच तर अडवायला हात तयार असतात. आवाज खाली ठेवा. ‘दादा, राहू द्या, चुकून झालं,’ म्हणा आणि बाजूला व्हा. शेवटचा शब्द त्याचा असू द्या. शब्दाने अंगाला भोके पडत नाहीत. शिर सलामत तर पगडी पचास!

चाकू दाखवून पैसे मागितले तर? पाकीट त्याच्या बाजूला टाका आणि आपण उलट दिशेला पळा. पाकीट पुन्हा मिळवता येते. घरची माणसे वाट पाहत असतात, त्यांना पाकीट नको, तुम्ही हवे असता.

पण कोणी हातच धरला तर? आता शेजाऱ्याचे मनगट धरून बघा. पकडीत चार बोटे एका बाजूला आहेत आणि अंगठा दुसऱ्या बाजूला एकटा आहे. पकड तिथेच दुबळी असते. आपले मनगट त्याच्या अंगठ्याकडे वळवा, कोपर वाकवा आणि झटक्याने हात आपल्या खांद्याकडे ओढा. सुटला ना? सुटला की उभे राहायचे नाही, पळायचे. बायांनीही हे एकमेकींबरोबर करावे. आठवड्यातून दहा मिनिटे पुरेत. एकदा ऐकलेले घाबरल्यावर आठवत नाही. अंगवळणी पडलेलेच उपयोगी येते.

ओरडायलाही शिकावे लागते. नुसते ‘वाचवा’ म्हटले की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी जाईल. म्हणून एकाला नेमके हाक मारा : ‘अहो निळ्या शर्टवाले, इकडे या! ११२ ला फोन लावा!’

कोणी ढकललेच, तर पडताना हनुवटी छातीला टेकवा, म्हणजे डोक्याची मागची बाजू जपली जाते. डांबरावर डोके आपटून माणूस एका धक्क्याने दगावतो. हे लक्षात ठेवा आणि म्हणूनच आपणही कोणाला ढकलू नका. डोक्याला मार लागलेल्याला ओकारी झाली, तो गुंगू लागला, बोलणे अडखळले, तर ‘झोपू द्या त्याला’ म्हणू नका. लगेच दवाखान्यात न्या.

तालमीचे काय, असे कोणी विचारील. कोल्हापूरचे मर्दानी खेळ आहेत. अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. लाठी, कुस्ती, कराटे, जे जवळ असेल ते मुलामुलींना जरूर शिकवा. पाय चपळ होतात, दम वाढतो, भीती ताब्यात राहते. पण तालीम केलेला शहाणा माणूस भांडण उकरून काढत नाही.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव वाचवण्यासाठी प्रतिकार करण्याचा हक्क ती देते. मात्र त्याला मर्यादा आहे. बचावाला लागेल तेवढाच मार. हल्लेखोर पळाला की आपला हक्क संपला. पाठलाग करून, बांधून मारणे हा बचाव नव्हे, तो गुन्हा आहे.

हे आम्ही जोर देऊन का सांगतो? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली, एवढी अफवा पुरली. ती माणसे भिक्षा मागायला आली होती. जमावातल्या प्रत्येकाला वाटत होते, आपण आपल्या लेकरांचे रक्षण करतो आहोत! अनोळखी माणसाचा संशय आला तर त्याला विचारा, पोलिसांना बोलवा. हात उगारू नका.

शेवटी तुमच्या शिक्षणाचा उपयोग. गाडी पळाली तरी पाटी वाचता येते. इंग्रजी आकडे तुम्ही शिकला आहात. निदान शेवटचे चार आकडे टिपा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘हद्द आमची नाही’ म्हणून गंभीर गुन्ह्याची नोंद नाकारता येत नाही. लिहिलेले स्वतः वाचा आणि मगच सही करा. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

आता पाट्या काढा. आम्ही फळ्यावर लिहितो, तुम्हीही लिहा : ११२. घरी गेल्यावर मुलांकडूनही लिहून घ्या.