तारीख हीच शिक्षा
(धायरीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



धायरी फाट्याकडच्या वर्कशॉपात राबणाऱ्या पोराला कोर्टाची एक तारीख लागली की त्याची दिवसाची हजेरी बुडते. आता असा एक माणूस डोळ्यांपुढं आणा, ज्याची साडेसहा वर्षं नुसत्या तारखांत गेली आणि खटला उभाच राहिला नाही. आपल्यासारखंच अनियतकालिकाच्या वाटेनं जाणारा, 'विद्रोही'चा संपादक सुधीर ढवळे.

२ जानेवारी २०११. आंबेडकरी साहित्य संमेलनाहून निघालेल्या सुधीरला वर्धा स्टेशनवर पोलिसांनी उचललं. देशद्रोह आणि यूएपीए लावला. चाळीस महिने आत. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या कोर्टानं निर्दोष सोडलं. ते चाळीस महिने कुणी परत दिले? कुणीच नाही.

सुधीर गप्प बसला नाही. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. आपल्यातले कितीतरी इथून बस पकडून रोज त्या बाजूला कामाला जातात. परिषदेच्या आयोजकांत तो होता. ६ जून २०१८ ला पुन्हा बेड्या. आधी येरवडा, मग तळोजा. आरोप काय, तर बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंध. खरं-खोटं कोर्टानं ठरवावं, आमची ना नाही. पण ठरवा तरी! ८ जानेवारी २०२५ ला हायकोर्टानं जामीन दिला, तेव्हा आरोप निश्चितसुद्धा झाले नव्हते आणि साक्षीदारांची यादी तीनशेच्या वर होती. दोन्ही खेपा मिळून जवळपास दहा वर्षं. सिद्ध झालेला गुन्हा एकही नाही.

आणीबाणीत १९७५ साली कुलदीप नय्यरसारख्या पत्रकाराला मिसाखाली डांबलं. मिसात खटलाच नव्हता, उघड दडपशाही होती. आणीबाणी गेली, मिसा गेला. आता यूएपीएत खटला आहे, पण कागदावर. २००८ च्या दुरुस्तीनं पोलिसांना आरोपपत्रासाठी १८० दिवस मिळू शकतात, आणि त्यांचे कागद वरवर खरे वाटले तरी जामीन अडतो. म्हणजे शिक्षा आधी भोगा, निकाल नंतर बघू.

आणि गंमत बघा. ज्या २०१८ साली सुधीरला आत टाकलं, त्याच साली महाराष्ट्र सरकारनं आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन द्यायचं ठरवलं. त्यांना जरूर द्या. पण कालच्या कैद्याला सन्मान आणि आजच्याला अंडासेल, हा कुठला न्याय?

तुम्ही म्हणाल, पत्रकारांचं ते बघतील, आपल्याला काय. सिद्दीक कप्पन हा केरळचा पत्रकार ५ ऑक्टोबर २०२० ला हाथरसला निघाला होता. कशासाठी? आपल्याच एका दलित बहिणीवर झालेल्या अत्याचाराची बातमी करायला. वाटेतच पकडला, फेब्रुवारी २०२३ मध्ये सुटला. बातमी आणणारा आत गेला की वस्तीवरचा अत्याचारही त्याच्यासोबत आत कोंडला जातो. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तो याचसाठी, की आपलं दुःख आपल्या तोंडानं बोलता यावं.

मग करायचं काय? एक, कायदा पाठ करा. अटक झाली की चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, वकील मिळावा लागतो. हे घटनेच्या २२ व्या कलमात आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र त्याच कलमानं यातून पळवाट ठेवलीय, तेही ध्यानात असू द्या. मे २०२४ मध्ये 'न्यूजक्लिक'चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक सुप्रीम कोर्टानं बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणं लेखी दिली नव्हती. म्हणून कुणालाही उचललं तर पहिला सवाल हाच, कारण लेखी द्या!

दोन, आपला माणूस आत असेल तर तारखेला कोर्टात जा. हजेरी बुडेल, बुडू द्या. त्याला वळून बघितल्यावर आपलं एक तरी तोंड दिसलं पाहिजे.

तीन, संपादक आत गेला म्हणून अंक थांबता कामा नये. कागदाचे पैसे आपण काढू, जुळणी कुणीतरी करेल, वस्तीत नेऊन विकायला आपण आहोतच.

पुढच्या अंकाची वर्गणी आज इथंच गोळा करायची आहे. खिशात हात घाला.

जयभीम!