सोरायसिस : वारसा आणि गैरसमज



सी.बी.डी. बेलापूर येथील कोकण भवनात पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सात जिल्ह्यांतील नागरिक कामानिमित्त येत असतात. अर्ज देणाऱ्या एखाद्या हातावर लालसर चट्टे व चंदेरी खवले दिसले, की घेणारा हात नकळत आखडतो. असे चट्टे पुष्कळदा सोरायसिसचे असतात. हा रोग स्पर्शाने पसरत नाही आणि कुष्ठरोगाशीही त्याचा संबंध नाही. तरीही ‘हे त्यांच्या घराण्यातच आहे’ एवढ्या एका वाक्याने जुळत आलेली सोयरीक मोडू शकते. म्हणूनच या वारशाचे खरे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे.

कल, निकाल नव्हे

1952 साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट मातापित्यांकडून आलेल्या जनुकांमुळे जन्मतःच निश्चित होतो. सोरायसिसचे तसे नाही. येथे जनुके केवळ कल देतात.

आपले कोण व परके कोण, हे शरीराच्या रक्षक पेशींना ओळखता यावे, यासाठी सहाव्या गुणसूत्रावर एच.एल.ए. नावाचा जनुकसमूह असतो. त्यातील ‘सी-डब्ल्यू-6’ हा प्रकार सोरायसिसशी, विशेषतः चाळिशीपूर्वी सुरू होणाऱ्या सोरायसिसशी, सर्वाधिक निगडित आहे. इंटरल्यूकिन-23 या संदेशवाहक प्रथिनाशी संबंधित जनुकांतील भेदही त्यास हातभार लावतात. रक्षक पेशी अकारण चेतवल्या जातात. एरवी सुमारे महिनाभरात नवी होणारी त्वचा काही दिवसांतच वर येते आणि खवले साचतात.

तथापि, ‘सी-डब्ल्यू-6’ असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना हा रोग कधीच होत नाही. 1982 साली जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक कौटुंबिक इतिहासांच्या अभ्यासात मातापित्यांपैकी एकास रोग असल्यास अपत्यास धोका शेकडा 14, तर दोघांस असल्यास शेकडा 41 आढळला. म्हणजे दोघेही रुग्ण असले, तरी अपत्य निरोगी राहण्याचीच शक्यता अधिक होती.

ठिणगी आणि उपचार

घशाचा जंतुसंसर्ग, त्वचेची इजा, मानसिक ताण, मद्य, तंबाखू व काही औषधे यांमुळे सुप्त कल जागा होतो. स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी थांबविल्यास रोग उसळण्याचा धोका असतो. त्यामुळे औषधांतील बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावा. सांधे दुखू अथवा सुजू लागल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. हा रोग समूळ नाहीसा करणारे औषध नाही. परंतु मलमे, प्रकाशोपचार, मेथोट्रेक्सेट आणि इंटरल्यूकिन-23 सारख्या प्रथिनांना रोखणारी नवी इंजेक्शने यांनी तो आटोक्यात ठेवता येतो.

समाजाचे कर्तव्य

2014 साली जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसविषयी ठराव करून हा असंसर्गजन्य रोग असल्याचे जगापुढे मांडले. आता हीच गोष्ट गावोगाव पोहोचली पाहिजे. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यास वेगळ्या बाकावर बसवू नये. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत या रोगाविषयी मोकळेपणाने बोलावे. अधिकाऱ्यांनी पुढे आलेला अर्ज निःशंकपणे हाती घ्यावा. जनुके बदलणे कोणाच्या हाती नाही. रुग्णास घरात, शाळेत व कचेरीत मानाने वागविणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.