रोजचे प्रसाधन : आधी काय, मग काय?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी मराठी सातवी झालेली साधी गृहिणी. भाषणाची सवय नाही. पण रोजच्या प्रसाधनाविषयी चार शब्द सांगावेत असा आग्रह झाला, म्हणून उभी राहिले आहे.

पुष्कळजणी म्हणतात, "पावडर लावली की तासाभरात चेहऱ्यावर पांढरे पट्टे दिसतात." दोष बहुधा पावडरीचा नसतो, क्रमाचा असतो. आपल्या आज्या कपाळाला आधी मेण लावीत आणि त्यावर पिंजर टेकवीत. तोच नियम येथे : ओले आधी, कोरडे नंतर.

प्रथम वेणीफणी आटोपावी, म्हणजे तेलाचा हात पुन्हा चेहऱ्याला लागत नाही. मग तोंड धुऊन पंचाने टिपावे, खसाखसा पुसू नये. किंचित ओल असतानाच मॉइश्चरायझर लावावे. ते मुरले की सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा अधिक लिहिलेले. चेहरा व मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढण्याइतके घ्यावे. बाहेर पडण्याच्या १५ मिनिटे आधी लावावे. उन्हातच राहायचे तर दर दोन तासांनी पुन्हा. फाउंडेशन रोज हवेच असे नाही. लावायचे तर जबड्याच्या कडेला लावून, दिवसाच्या उजेडात पाहून, आपल्या रंगाशी मिळणारे निवडावे. त्यावर पावडरीचा हलका हात. मग काजळ, लिपस्टिक आणि शेवटी टिकली. टिकलीची जागा कोरडी पुसून घ्यावी, नाहीतर ती टिकत नाही.

आता जपण्याच्या दोन गोष्टी. काही टिकल्यांच्या डिंकातील रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो. म्हणून रात्री टिकली काढावी, आणि खाज सुटली तर ती वापरणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. दुसरे, गोरे करणारी बेनामी क्रीम घेऊ नयेत. काहींत पारा सापडला आहे, आणि पारा मूत्रपिंडांना अपाय करतो. सावळेपणा हा काही आजार नव्हे. निजण्यापूर्वी सगळे धुऊन टाकावे, हे तर सांगायलाच नको.

शेवटी एक मनातले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव करून, पती वारल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद केल्या. आपल्या हळदीकुंकवाला काही भगिनी अजून मागच्या रांगेत बसतात. नीटनेटके राहावे, टिकली लावावी, हे त्यांनाही वाटत असेल. यंदा पहिले बोट त्यांच्या कपाळी लावू या. त्यांची इच्छा मात्र आधी विचारावी.