ज्यांनी सेमिनरी चालविली
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही, हे आधीच सांगून मोकळी होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. घरी लिहून आणले आहे ते वाचते. अडखळले तर सांभाळून घ्या. सेक्रेटरीबाईंनी विषय दिला, "सेमिनरीचे दिवंगत पाळक व साहाय्यकर्ते." मी म्हटले, हे काम पाळकसाहेबांचे, त्यांना सनावळ्या तोंडपाठ असतात. तर त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब पाळकांचे सांगतील. तुमच्या घरी त्या वहीची गोष्ट आहे ना, ती तुम्ही सांगा." वहीचे नाव काढल्याबरोबर माझा चेहरा उतरला. का उतरला ते पुढे येईलच.

आपल्या मंडळात सगळ्या घरच्या बायका आहेत. मागे एका काकूंनी मला विचारले होते की, सेमिनरी म्हणजे काय, कारखाना का? तेव्हा पहिल्यांदा ते सांगते. मास्तर तयार करायला जसे ट्रेनिंग कॉलेज, तशी पाळक तयार करायची शाळा म्हणजे सेमिनरी. पाळक म्हणजे मंडळीची उपासना चालविणारा, लग्ने लावणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा आणि शेवटी मातीही देणारा माणूस. आपल्या नगरला, आता कागदोपत्री अहिल्यानगर झाले तरी माझ्या तोंडी नगरच येते, ही शाळा रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी १८७८ साली काढली.

त्याआधी इथे पाळक नव्हते असे नाही. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ साली पाळकपणाची दीक्षा मिळाली. त्यांच्याही आधी, १८३९ साली, सिंथिया फरार नावाची एकटी बाई मुंबईहून नगरला आली. मुलींच्या शाळा चालवीत ती १८६२ साली इथेच वारली. सावित्रीबाई फुले मास्तरकीचे शिक्षण घ्यायला तिच्याकडे येऊन गेल्या, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. पण बाईंच्या शाळेत झाडलोट कोण करीत होते, मुलींना घरोघर जाऊन बोलावून कोण आणीत होते, हे कुणी लिहिलेले मला आढळले नाही.

ह्यूमसाहेब जन्माने आपलेच म्हणायला हरकत नाही. १८४७ साली मुंबईत भायखळ्याला ते जन्मले. वडीलही मिशनरी होते. प्रकृती बिघडून मायदेशी निघाले आणि १८५४ साली वाटेत बोटीवरच वारले. मागे विधवा बाई आणि लहान लहान मुले. हॅना ह्यूम तिचे नाव. तिने ती मुले अमेरिकेत वाढविली, शिकविली, आणि ज्या देशाच्या वाटेवर नवरा गेला त्याच देशाला मुलगे परत जाऊ दिले. रॉबर्ट १८७४ साली नगरला आले. ह्यूमसाहेबांवर बोलताना सगळे त्यांच्या विद्वत्तेपासून सुरुवात करतात. मला मात्र आधी ही आई दिसते. आपल्यातल्या ज्यांनी एकटीने मुले वाढविली त्यांना ते निराळे सांगायला नको.

साहेबांची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण तिचा आमच्या घराशी संबंध आहे. १८८६ साली ते रजेवर अमेरिकेत असताना एका सभेत बोलले. प्रश्न असा होता की, ज्यांनी उभ्या आयुष्यात ख्रिस्ताचे नाव ऐकले नाही आणि जे तसेच वारले, त्यांचे काय? ते कायमचे गेलेच, असे तेव्हाचे पुष्कळ लोक म्हणत. ह्यूमसाहेबांचे म्हणणे पडले की, अशांना मृत्यूनंतरही संधी मिळेल अशी आशा धरायला जागा आहे. झाले! तिकडे मोठे वादळ उठले. असल्या मताच्या माणसाला परत हिंदुस्थानात पाठवावे की नाही, यावर मिशनच्या मोठ्या कचेरीत खल चालला. शेवटी १८८७ साली परवानगी मिळाली आणि ते परत आले. त्याच वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले, ते वडाळ्याच्या फेअरबँकसाहेबांच्या केटीशी. हे फेअरबँकसाहेब पाखरे आणि झाडेझुडपे गोळा करीत. दक्षिणेकडच्या डोंगरात राहणाऱ्या एका पाखराला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे. मला त्याचे कौतुक वाटते, आणि थोडे हसूही येते. पाखरालाही नाव मिळाले, आणि आमच्या बायका "अमक्याची आई" म्हणूनच गेल्या.

आता आमच्या घराचे सांगते.

१८९९–१९०० चा दुष्काळ फार भयंकर होता. नगर जिल्ह्यात माणसे रस्त्यावर पडली. ह्यूमसाहेबांनी त्या वेळी केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंदचे सोन्याचे पदक दिले. त्या दुष्काळात मिशनकडे आलेल्या पोरक्या मुलांत सातआठ वर्षांची एक मुलगी होती. ती माझ्या यजमानांची पणजी. घरात तिला सगळे थोरली आई म्हणत. तिची आई वाटेत एका लिंबाखाली वारली होती. बाप्तिस्म्याच्या वेळी थोरल्या आईने विचारले होते म्हणे, "मग माझी आई कुठे असेल?" तिला काय उत्तर मिळाले ते घरात कुणाला ठाऊक नाही. पण ह्यूमसाहेबांच्या त्या भाषणाची गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्या सांगतात. का सांगतात, ते तुम्ही ओळखाल.

पुढे तिचे लग्न सेमिनरीत शिकणाऱ्या तरुणाशी झाले. नवरा शिकतोय, तर ही काय करीत होती? पहाटे जात्यावर बसत होती. खेड्यातून शिकायला आलेली मुले असत, कुणाचे लग्न झालेले, कुणाचे नाही. त्यातली दोघेतिघे हिच्याकडे जेवत. पैसे कधी मिळत, कधी नाही. आणि रोज स्वयंपाकाला ज्वारी काढताना एक मूठ निराळ्या मडक्यात टाकायची, ती प्रभूची मूठ. आठवड्याने ते मडके रिकामे करून मंडळीकडे पोचवायचे. घरात मुले अर्धपोटी असली तरी मूठ चुकली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ही गोष्ट मोठी अभिमानाची वाटली. आता दोन मुलांची आई झाल्यावर वाटते, त्या अर्धपोटी मुलांनाही कुणीतरी विचारायला हवे होते. पण तसे मी घरात कधी बोलले नाही, इथे बोलते आहे.

पणजोबा शिकून खेड्यात गेले, तशी हीही गेली. पाळकाबरोबर पाळकीणबाई आपोआप येते. तिला दीक्षा नाही आणि पगारही नाही. आडलेल्या बाईकडे रात्री कंदील घेऊन जायचे, पोरींना अक्षरे शिकवायची, आणि गावाने पाणी बंद केले तर तीन मैलांवरून आणायचे. तिच्या जोडीला बायबलबाया असत. ओसरीवर बसून बायकांना वाचून दाखविणे हे त्यांचे काम. जुन्या फोटोंत त्या मागच्या रांगेत डोईवर पदर घेऊन उभ्या असतात. खाली साहेबांची आणि मडमांची नावे, आणि शेवटी लिहिलेले असते, "व बायबलबाया".

थोरल्या आईची सून, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, चांगल्या लिहित्यावाचत्या होत्या. सासूने सांगितलेली नावे त्यांनी एका वहीत उतरून ठेवली. काळ्या पुठ्ठ्याची लांबट हिशेबाची वही होती ती. दर रविवारी संध्याकाळी उपासनेनंतर त्यातले एक पान मोठ्याने वाचीत आणि त्या माणसांसाठी देवाचे आभार मानीत. मी लग्न होऊन आल्यावर दोन वर्षे ते ऐकले. त्यात ह्यूमसाहेब होते, तसा त्यांच्या विद्यार्थ्यांना उधारीवर गूळ-तेल देणारा वाणीही होता. आजारी पाळकाला टांग्यातून फुकट दवाखान्यात नेणारे एक चाचा होते. प्रत्येक नावापुढे एकेक ओळ असे. "दोन पायल्या ज्वारी दिली." "बाळंतपणात राहिली." "हिने रडून दाखविले नाही." ही शेवटची ओळ कुणापुढे होती ते मला आठवत नाही, आणि तेच मला रात्री आठवते. वहीत सगळ्यात वर, पहिल्या पानावर, नाव नव्हतेच. लिहिले होते, "सासूबाईंची आई. लिंबाखाली."

आजेसासूबाई २००३ साली वारल्या. २०११च्या नाताळाआधी घराला रंग काढायचा होता. मी माळा रिकामा केला. जुनी वर्तमानपत्रे, मुलांच्या वह्या, फाटकी गीतपुस्तके, सगळे रद्दीवाल्याला दिले. त्याने वजन केले, मी पैसे मोजून घेतले आणि त्यातून करंज्यांचे खोबरे आणले. वही त्यात गेली हे कळले फेब्रुवारीत. रद्दीवाल्याकडे धावत गेले, त्याने गोदामही दाखविले बिचाऱ्याने, पण माल केव्हाच पुढे गेला होता. यजमान मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर मी लक्ष्मीबाई टिळकांची "स्मृतिचित्रे" वाचायला घेतली. सातवी शिकलेलीला मोठे पुस्तक जड जाते, पण हे जड गेले नाही. आपल्यातलीच कुणी ओसरीवर बसून सांगते आहे असे वाटते. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. नवरा, नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाला, तेव्हा त्या सोवळ्यातल्या. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक आमच्या नगरच्या सेमिनरीत शिकवीत. घरी पाहुणे किती येत, हातात पैसा कसा टिकत नसे, हे सगळे बाईंनी हसत लिहिले आहे. टिळकांनी आरंभिलेले "ख्रिस्तायन" त्यांच्यामागे बाईंनीच पुढे नेले. १९३६ साली त्या गेल्या, तरी आज त्यांची वाक्ये लोक बोलतात. का? लिहून ठेवले आणि छापले गेले म्हणून. नाहीतर त्याही "टिळकांच्या मंडळी" म्हणून राहिल्या असत्या.

टिळक १९१९ साली मुंबईत वारले. त्यांनी सांगून ठेवले होते की, माझ्या देहाला अग्नी द्यावा आणि माझ्या स्मारकावर नावामागे रेव्हरंड किंवा मिस्टर असे काही लावू नये. मोठे मन होते. पण मला वाटते, ज्याला नाव असते त्यालाच पदवी सोडता येते. आमच्या बायकांकडे पाळकीणबाई, बायबलबाई ही पदवीच तेवढी उरली, नाव गेले.

मध्यंतरी एका मंडळीत दिवंगतांच्या स्मरणाची उपासना होती. यादी वाचली गेली. सगळे पाळक, दोन डॉक्टर, एक देणगीदार. मी मागे बसले होते. उपासना झाल्यावर धीर करून विचारले की, थोरल्या आईचे नाव घेता येईल का? उत्तर मिळाले, "बाई, कशाकशाची नावे घ्यायची? लेखी काही आहे का?" लेखी होते, आणि ते मी सतरा रुपयांना विकले होते. मी काय बोलणार?

तेव्हापासून मी नवी वही केली आहे. आठवेल तशी नावे लिहिते. यजमानांच्या आत्याबाईंनी सहा दिली. श्रीरामपूरकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी चार दिली आणि त्यातल्या दोघींची माहेरची नावेसुद्धा सांगितली. ज्या काकूंनी मला सेमिनरी हा कारखाना का म्हणून विचारले होते, त्यांना गेल्या पावसाळ्यात मी ही गोष्ट सांगत होते. उधारी देणाऱ्या वाण्यापाशी आल्यावर त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, "अगं, मिशनच्या पोरांना गूळ देणारे ते आमच्या आजोळचे आजोबाच असणार. आजी ओरडायची त्यांना, पैसे येणार नाहीत म्हणून." त्यांनी नाव सांगितले. मी ते तिथेच त्यांच्या चुलीशेजारी बसून लिहिले, आणि पुढे ओळ घातली, "गूळ दिला. आजी ओरडली." काकूंनी मला आजीचेही नाव लिहायला लावले.

अशी आजवर तेवीस नावे झाली. पहिल्या पानावर तीच ओळ मी पुन्हा घातली आहे. टांगेवाल्या चाचांचे नाव अजून मिळालेले नाही. झेंडीगेट, मुकुंदनगरकडच्या भगिनी इथे बसल्या आहेत, त्यांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारावे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोननंतर मी घरीच असते. वही टेबलावर असते, माळ्यावर नाही.