जोड कुणाशी होती, ते आधी सांगा



नर्मदेकाठी जबलपूरला येऊन आखाड्याविषयी मराठीत बोलायला मिळतंय, याचा आनंद आहे. थोरला गामा पैलवान दतिया संस्थानाच्या आश्रयाने मोठा झाला, म्हणजे तो तुमच्याच प्रांताचा. तरी आज सुरुवात मुष्टियुद्धापासून करतो. कारण ‘आताच्या चॅम्पियनला जुन्यांची सर नाही’ हे रडगाणं हेवीवेट गटाइतकं कुठेच ऐकू येत नाही.

जो लुईस 1937 ते 1949 अजिंक्य होता. त्याने पंचवीस वेळा किताब राखला. त्याचे प्रतिस्पर्धी इतके पटापट आडवे व्हायचे की दर महिन्याला नवा लेचापेचा समोर उभा करतात, अशी पत्रकारांनी टर उडवली. मग 18 जून 1941 ला न्यूयॉर्कमध्ये बिली कॉन आला. लुईसहून चांगला दहा-अकरा किलोंनी हलका, पण पायांत वीज. बारा फेऱ्यांनंतर तो गुणांवर पुढे होता. उरलेल्या तीन फेऱ्या नुसत्या अंग चोरून काढल्या असत्या, तरी किताब त्याचा होता. गड्याला हुक्की आली, लुईसलाच झोपवायचं. तो भिडला आणि तेराव्या फेरीची घंटा व्हायला दोन सेकंद असताना स्वतःच झोपला. तोवर ज्यांना लेचापेचा म्हणून हिणवलं, त्यांना तसं केलं कुणी? लुईसनेच ना! एकजण सगळ्यांना लोळवू लागला की आपण लोळलेल्यांना दुबळं ठरवतो. हेवीवेटमधल्या क्लिच्को बंधूंच्या काळाबद्दलही हेच बोललं गेलं. मला तो निव्वळ आळस वाटतो.

काळाची भिंत ओलांडून लढत लावायचा प्रयत्नही झाला. 1969 मध्ये रॉकी मार्सियानो आणि महंमद अली यांना कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूचं लढवून, संगणकाने ठरवलेला निकाल 1970 मध्ये पडद्यावर दाखवला. डोक्यावर टोप चढवलेल्या मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला पाडलं. निकाल पाहायला तो जिवंत नव्हता. चित्रपट येण्याआधीच विमान अपघातात गेला. 49 लढती, 49 विजय, असा हा मुष्टियोद्धा वजनाने जेमतेम 84-85 किलो. आजच्या नियमांनी तो हेवीवेटमध्ये मोडतच नाही, क्रूझरवेट ठरतो. आता करा तुलना!

आपल्याकडे कुस्तीत तर मातीची मॅट झाली आणि निकाली कुस्ती गुणांवर आली. लंडनला 10 सप्टेंबर 1910 रोजी झिबिस्को हा मल्ल गामापुढे अडीच तासांहून अधिक वेळ मॅटला चिकटून पडून राहिला. कुस्ती सुटेना. पुढच्या शनिवारी पुन्हा लावली, तर पठ्ठ्या फिरकलाच नाही. 1928 ला पतियाळात गामाने त्याला मिनिटाच्या आत चितपट केलं. आजच्या सहा मिनिटांच्या, निष्क्रिय राहिल्यास दंड करणाऱ्या पॅसिव्हिटीच्या नियमांत लंडनची ती कुस्ती कशी झाली असती, हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

सकाळी चहाच्या वेळी मला विचारलं गेलं, नरसिंग यादव मोठा की विजय चौधरी? दोघेही सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. मी नरसिंगच्या बाजूचा. 2015 च्या जागतिक स्पर्धेत 74 किलो गटात कांस्य मिळवणारा हा गडी केसरीच्या मैदानात आपल्याहून भारी अंगाच्या पैलवानांशी भिडत होता. विजयवाले रागावतील, रागावू देत.

आणि जोड कुणाशी झाली यासोबत कुणाशी होऊ दिली नाही, हेही मोजा. मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी कितीही गाजो, हॅरी विल्स या कृष्णवर्णीय दावेदाराशी त्याची लढत झाली नाही. माझ्या यादीत डेम्प्सी लुईसच्या खाली आहे, तो याच कारणाने. तेव्हा तुमच्यातल्या क्रीडालेखकांना एवढंच मागणं: बातमीत विजेत्याचा फेटा आणि गदा येतेच, हरलेल्याचं वजन, कुस्तीला लागलेला वेळ आणि कोणत्या डावावर ती सुटली, तेही छापत चला.