विष लागू पडले, हे कशावरून?

रात्री आमिष टाकले आणि सकाळी बांधावर चार उंदीर मेलेले दिसले, की औषध लागू पडले असे म्हणून आपण मोकळे होतो. पण विष खाल्लेले कितीतरी उंदीर बिळातच मरतात, ते दिसत नाहीत. आणि किती मेले यापेक्षा किती उरले हे पिकाच्या दृष्टीने महत्त्वाचे. ते बिळेच सांगतात. संध्याकाळी शेतातली आणि बांधांवरची सगळी बिळे ओल्या मातीने लिंपून टाका. सकाळी ज्याचे तोंड पुन्हा उकरलेले असेल, पुढे भुसभुशीत मातीचा ताजा उकीर पडलेला असेल, ते बीळ नांदते. अशी मोजणी आमिषाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करायची. नंतरची कधी, हे विषावर ठरते. झिंक फॉस्फाईड काही तासांत काम करते. ब्रोमॅडिओलोनने उंदीर मरायला चार-पाच दिवस किंवा अधिकही लागतात. तिसऱ्याच दिवशी मोजून ब्रोमॅडिओलोनला नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

तरीही एवढ्याने भागत नाही. समजा, तुमच्याकडे ५० नांदती बिळे होती, २० उरली. म्हणजे ६० टक्के यश. पण त्याच दिवसांत आमिष न टाकलेल्या शेतात ४० ची २० झाली असतील, तर पाण्याच्या पाळीने म्हणा, आणखी कशाने म्हणा, उंदीर आपोआपच निम्मे झाले होते. तुमच्याकडेही विषाशिवाय २५ च राहिली असती. विषाची कमाई त्या २५ पैकी पाच बिळांची, म्हणजे जेमतेम २० टक्के! तुलनेसाठी शेत उघडे ठेवले तर नुकसान कोण सोसणार, हा प्रश्न रास्त आहे. पण मोजणी होताच तिथेही आमिष टाकता येते. एका उंदराच्या बिळाला दोन-तीन तोंडे असतात, मग मोजणी खरी कशी, असेही कोणी विचारील. उंदरांची नेमकी संख्या यातून कळत नाही, हे खरेच. पण ती चूक आधीच्या आणि नंतरच्या मोजणीत सारखीच राहते, म्हणून तुलना टिकते.

आकडा कमी आला तर लगेच औषधाला दोष देऊ नका. झिंक फॉस्फाईड थोडे खाऊन वाचलेला उंदीर बुजतो, पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून दोन-तीन दिवस तेल चोळलेला साधा भरडा खाऊ घालून उंदराला आधी सवय लावावी, मगच ९६ भाग भरडा, २ भाग तेल आणि २ भाग औषध असे आमिष द्यावे. या विषावर उतारा नाही. तेव्हा आमिषाची पुडी बिळात खोल सरकवा, उरलेले आमिष गोळा करून खोल पुरा. आणि मोजणीच्या संध्याकाळी बिळे बांधापासून लिंपायला सुरुवात करा.